तीन चाकांवरचा भार

आकुर्डीच्या रिक्षाचा इतिहास बहुतेक जण इंजिनाच्या अंगानं सांगतात. आधी इंजिन पुढे होतं, मग मागे गेलं. आधी टू-स्ट्रोक होतं, मग फोर-स्ट्रोक आलं. पेट्रोल, डिझेल, सीएनजी आणि आता बॅटरी. हे सगळं खरं आहे, पण अर्धं आहे. माझं उमेदीचं सगळं वय पिंपरी-चिंचवडमधल्या आकुर्डीत, खंडोबा माळाच्या रस्त्यालगत, रिक्षाखाली आडवं होऊन काम करण्यात गेलं, आणि खालून बघणाऱ्याला हा इतिहास वेगळा दिसतो. मागच्या चाकाला चासीशी जोडणारा आर्म, त्याच्या सांध्यातला रबराचा बुश, जंप (शॉक ॲबसॉर्बर) आणि त्यांचे बोल्ट यांची झीज बघितली की कळतं, त्या त्या काळात या पट्ट्यात माणसं कुठून कुठे जात होती, किती दाटीनं बसत होती आणि रस्ता कसा होता. इंजिनाचा इतिहास कारखान्यानं घडवला. भाराचा इतिहास रस्त्यानं घडवला, आणि तो मिस्त्रींनी हातानं वाचला. तो सांगायला कुणी बसत नाही, म्हणून मी बसलो आहे.

रिक्षाचं मूळ इटलीत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथले रस्ते आणि कारखाने मोडून पडले होते. पियाज्जो ही विमानं बनवणारी कंपनी १९४६ मध्ये व्हेस्पा स्कूटर घेऊन उभी राहिली. तिचे अभियंता कोराडिनो द'आस्कानियो यांनी मग त्याच स्कूटरच्या मागच्या बाजूला दोन चाकांचा हौदा जोडून आपे नावाची मालवाहू गाडी तयार केली. इंजिन १२५ सीसीचं आणि भार २०० किलोचा. म्हणजे या गाडीचा पुढचा अर्धा भाग मोटरसायकलच्या जातीचा आणि मागचा हातगाडीच्या. हा जोड आजही रिक्षाच्या अंगात आहे: पुढे हँडल, त्यावर मुठीचा गिअर, आणि मागे बाकडं.

आपल्याकडे ही गाडी माणसं नेण्यासाठी वापरावी, हा विचार अहमदनगरच्या नवलमल फिरोदियांचा. ते स्वातंत्र्यलढ्यातून आलेले. माणसानं माणसाला ओढायचं, ही गोष्ट स्वतंत्र देशात चालू राहू नये, असं त्यांना वाटत होतं. १९४०चं दशक सरताना त्यांनी तीनचाकी मालगाडीत बदल करून प्रवासी रिक्षा तयार केली आणि मुंबई प्रांताचे तेव्हाचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्यापुढे ठेवली. पुण्याच्या रस्त्यांवर ऑटोरिक्षा लवकर दिसू लागली, त्यामागे हा खटाटोप होता.

त्याच सुमाराला बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही १९४५ मध्ये स्थापन झालेली कंपनी व्हेस्पा आणि तीनचाकी गाड्या बाहेरून आणून विकत होती. तीच पुढे बजाज ऑटो झाली. १९५९ मध्ये तिला दुचाकी आणि तीनचाकी इथेच बनवण्याचा परवाना मिळाला, आणि १९६० मध्ये आकुर्डीच्या माळावर कारखान्याचं भूमिपूजन झालं. दुसऱ्या बाजूला फिरोदियांनी १९५८ मध्ये जर्मनीतल्या हाम्बुर्ग-हारबुर्गच्या विडाल कंपनीशी करार करून टेम्पो हॅन्सीट ही तीनचाकी मालगाडी काढली. आधी मुंबईत गोरेगावला, पुढे आकुर्डीला. ही गाडी आपेच्या अगदी उलट होती. तिचं इंजिन पुढच्या चाकावरच बसलेलं, आणि तेच चाक गाडी ओढायचं. १९६८ च्या सुमारास, तोवर भागीदारीत असलेल्या बजाज आणि फिरोदिया या दोन घराण्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, पण दोघांचे कारखाने आकुर्डीतच राहिले. एकाच गावात, एकाच रस्त्यालगत, तीन चाकांच्या दोन वेगळ्या विचारांच्या गाड्या बनत होत्या. देशात दुसरं असं गाव मला माहीत नाही.

माझे वडील त्या काळात घाटावरच्या आमच्या कोरडवाहू गावातून इथं आले आणि टर्नर झाले. पिंपरीत १९५४ पासून हिंदुस्थान अँटिबायोटिक्स होतीच. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि शेतजमिनींवर ब्लॉक पडू लागले, टेल्को आली, भोसरीत छोटी वर्कशॉप उभी राहिली. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महापालिका. शिफ्ट सुटली की मुंबई-पुणे रस्त्यावर सायकलींचा लोंढा वाहायचा. वडील त्यातलेच एक. लेथवर मायक्रोमीटर कसा धरायचा हे मी त्यांच्याकडून शिकलो आणि ते ज्ञान रिक्षाच्या गॅरेजमध्ये घेऊन आलो. आमच्या भागातल्या कितीतरी गॅरेजांची सुरुवात अशीच आहे: बाप कारखान्यात, पोरगा रस्त्यावर, आणि दोघांच्या हातात एकच विद्या.

आता भाराकडे येतो. तिपाई कधी डुगडुगत नाही, जमीन कितीही उंचसखल असली तरी तिचे तिन्ही पाय टेकतात. पण कडेला जोर दिला की ती चौरंगाच्या आधी कलंडते. रिक्षाचं तेच आहे. तिन्ही चाकं जमिनीला टेकतात त्या तीन बिंदूंचा त्रिकोण मनात काढा. वळणावर रिक्षा कलंडते ती पुढचं चाक आणि मागचं बाहेरचं चाक यांना जोडणाऱ्या रेषेवर. पुढे जाताना हा त्रिकोण निमुळता होत जातो. म्हणून वजन जितकं पुढे, तितकं ते त्या रेषेच्या जवळ. वळणात असताना करकचून ब्रेक मारला की वजन पुढे धावतं आणि रिक्षाचं आतलं चाक उचलतं. रिकाम्या रिक्षात मागे वजनच नसतं, त्यामुळे ती भरलेल्या रिक्षापेक्षा पटकन दगा देते. जुने चालक नवख्याला पहिली गोष्ट ही सांगतात: ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही.

चारचाकी गाडीत हे झुकणं आवरायला एक वेगळा भाग असतो, स्टॅबिलायझर बार. स्प्रिंगच्या पोलादाचा आडवा दांडा, दोन्ही टोकांना वाकवलेला. गाडी एका अंगाला झुकली की हा दांडा पिळला जातो आणि पिळाला विरोध करताना गाडीला सरळ करू पाहतो. त्याची टोकं डाव्या-उजव्या चाकाच्या आर्मला ज्या छोट्या दांड्यांनी जोडलेली असतात त्यांना गॅरेजमध्ये लिंक रॉड म्हणतात. बारीक खड्ड्यांवरून जाताना पुढून टकटक आवाज आला की चाकणच्या कुठल्याही गॅरेजमधला पोरगा आधी लिंक रॉड हलवून बघतो. परदेशात तीनचाकी मोटरसायकलींनाही हा बार असतो. कॅनडाच्या बीआरपी कंपनीनं २००७ मध्ये कॅन-ॲम स्पायडर आणली. तिला पुढे दोन चाकं आणि मागे एक, आणि त्या पुढच्या दोन चाकांमध्ये बार आहे. तिचेही लिंक झिजतात आणि बदलावे लागतात.

माझ्या हाताखालून गेलेल्या रिक्षांना असा बार नव्हता. पुढे एकच चाक, त्याला डावं-उजवं काय जोडणार? एकटं चाक झुकणाऱ्या गाडीला सावरू शकत नाही, ते फक्त उचलून धरतं. सावरण्याचं सगळं काम मागच्या दोन आर्मवर येतं. चारचाकीत जे काम स्प्रिंग, बार आणि लिंक मिळून चार कोपऱ्यांत वाटून घेतात, ते रिक्षात दोन स्प्रिंग, दोन जंप आणि आर्मचे बुश करतात. म्हणून रिक्षाचा बुश ही किरकोळ वस्तू नाही. मागे बसलेल्या तीन माणसांचा तोल त्याच्यावर असतो.

बुश गेलेला आहे हे चालकाला आधी मनगटात कळतं. "मिस्त्री, गाडी डावीकडं ओढतीये, हँडल धरून हात भरून येतात," असं म्हणत तो येतो. मी आधी गाडीच्या मागे जाऊन दोन पावलं लांब उभा राहतो. एक चाक वरून आत झुकलेलं असतं आणि त्या टायरची आतली कड गुळगुळीत झालेली असते. मग चासीखाली जॅक आणि त्याच्या जोडीला लाकडी ठोकळे, कारण नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून कुणी खाली जायचं नसतं. चाक काढायचं, ड्रम वर-खाली धरून हलवायचा आणि बघायचं की हलतंय काय. ड्रम हलतो पण आर्म जागेवर असेल, तर बेअरिंग गेलंय. ड्रमसकट आर्मच चासीपाशी हलतो, तर बुश. हा फरक ज्याला डोळ्यानं कळत नाही तो ग्राहकाच्या पैशानं चांगलं बेअरिंग फेकून देतो.

खरा घाम आर्मची पिन काढताना निघतो. चार पावसाळ्यांचं चिखलपाणी पिऊन पिन गंजानं नळीत घट्ट बसलेली असते. आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवायचं आणि सकाळी पितळेचा तुकडा मध्ये धरून हातोडा चालवायचा, म्हणजे पिनेचं तोंड फुलत नाही. जुना बुश काढायला मोठ्यांकडे प्रेस असते. आमच्याकडे लांब बोल्ट, जाड वॉशर आणि मोठा सॉकेट असतो. बोल्ट आवळत गेलं की बुश मिलिमीटर-मिलिमीटरनं सॉकेटमध्ये येतो. बुशचं घर पॉलिशपेपरनं साफ करायचं. नवा बुश बसवताना साबणाचं पाणी लावायचं. ग्रीस नाही, ऑइल नाही, कारण त्यानं रबर फुगतं.

आणि मग या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट. रबराच्या बुशचा बोल्ट गाडी हवेत असताना शेवटपर्यंत आवळायचा नाही. हवेत आर्म खाली लोंबत असतो. तिथं आवळला आणि गाडी खाली घेतली की वजनानं आर्म वर जातो आणि आतलं रबर कायमचं पिळलेलं राहतं. असा बुश काही महिन्यांत फाटतो. आधी गाडी चाकांवर उतरवायची, मागच्या सीटवर दोन पोरं बसवायची, गाडी दोनदा दाबून सोडायची आणि मग शेवटचा पाना द्यायचा. चारचाकीच्या ज्या जुन्या लिंक रॉडला रबर असतं, तिथंही हाच नियम. दुसरा नियम जोडीचा: एका बाजूचा गेला तरी दोन्ही बदलायचे. एक बाजू ताठ आणि एक सैल असेल तर रिक्षा डाव्या वळणात एक वागते आणि उजव्या वळणात दुसरं. हे नियम मला छापील कागदावर भेटले नाहीत. वडिलांच्या पिढीतल्या फिटरांनी सांगितले, मी पुढे सांगितले.

आता या बुशनं काय काय पाहिलं ते बघा. १९७७ मध्ये बजाजनं मागच्या इंजिनाची रिक्षा आणली. इंजिन मागे गेल्यानं वजन मागच्या आसाकडे सरकलं, म्हणजे त्या निमुळत्या त्रिकोणाच्या रुंद भागात आलं. वळणात गाडी अधिक बसून चालू लागली. पण तेवढाच बोजा मागच्या आर्मवर वाढला. इंजिनाचं ऑइल गळून बुशवर पडायचं आणि रबर मऊ पडायचं, हे दुखणं जुन्या, पुढच्या इंजिनाच्या गाड्यांत कमी दिसे. जे लोक त्या बदलाला नुसता इंजिनाचा बदल समजतात त्यांनी गाडीखाली यायला हवं होतं.

पुढचा बदल माणसांच्या गर्दीनं केला. १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी स्टेशनला उतरणारा कामगार तिथून कंपनीच्या गेटपर्यंत जायला शेअर रिक्षात बसू लागला. मागे चार आणि चालकाच्या दोन बाजूंना दोन. चालकाशेजारी बसलेल्यांचं वजन पुढे, म्हणजे नेमकं त्रिकोणाच्या चोचीत. नव्वदच्या दशकात सहा आसनी डिझेल गाड्या आल्या आणि तळेगाव, चाकण, आळंदी या टप्प्यांवर धावू लागल्या. परवाना सहाचा, आणि शिफ्टच्या वेळी कडेला लटकणारे वेगळे. त्या वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांची डावी बाजू आधी बसलेली असे, कारण माणसं डाव्या पायरीवरून चढत, तिथंच उभी राहत, आणि रस्त्याच्या डाव्या कडेचे खड्डेही त्याच चाकाच्या वाट्याला येत.

मग सीएनजी आला. हवा सुधारली, चालकाचा इंधनाचा खर्च उतरला, आणि पोलादी टाकीचं वजन गाडीत कायमचं मुक्कामाला आलं. प्रवासी उतरतो, टाकी उतरत नाही.

आणि चाकण. ज्या गावाची ओळख संग्रामदुर्गाची आणि कांदा-बटाट्याच्या बाजाराची, तिथं १९९९ मध्ये बजाजच्या नव्या कारखान्यातून उत्पादन सुरू झालं. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे कारखाने उभे राहिले, पाठोपाठ महिंद्रा आली. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेशातली पोरं कंत्राटावर आली आणि म्हाळुंगे, कुरुळी, मेदनकरवाडीच्या खोल्यांत राहू लागली. कारखाने आले त्या वेगानं रस्ते आले नाहीत. पुणे-नाशिक महामार्गावर आळंदी फाट्यापासून आंबेठाण चौकापर्यंत कंटेनर, कांद्याचे ट्रक, कंपनीच्या बस आणि रिक्षा एकाच चिंचोळ्या जागेत अडकतात. खड्डा चुकवायला जागा नसली की रिक्षा तो तिरकी घेते: आधी एक मागचं चाक आत, मग दुसरं. बुश पिळायला याहून वाईट चाल नाही. आकुर्डी-निगडीत फिरणाऱ्या रिक्षाचा बुश जेवढा टिकतो त्याच्या निम्म्यानंही चाकण रस्त्यावरचा टिकत नाही, हे माझ्या हाताचं मोजमाप आहे. रस्ता बांधणाऱ्यांनी ते मोजमाप कधी विचारलेलं नाही, आणि त्याचा खर्च दर वेळी रिक्षावाल्यानं आपल्या दिवसाच्या कमाईतून भरलेला आहे.

या कामाला माल पुरवणारी एक अख्खी साखळी होती. नवे भाग पुण्याच्या नाना पेठेतून यायचे. भोसरीत रबराच्या साच्यांची छोटी वर्कशॉप होती, तिथं नमुना दिला की बुश मिळायचा. वाकलेला आर्म सरळ होण्यापलीकडे गेला की कुदळवाडीच्या भंगारात दुसरा शोधायचा. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेनं कुदळवाडी-चिखलीतली हजारो पत्र्याची शेड अतिक्रमण म्हणून पाडली. नियमाची बाजू आपल्या जागी असेल. पण जुन्या गाडीचा सुटा भाग कुठल्या गाळ्यात मिळेल हे ज्यांच्या डोक्यात पाठ होतं, ती माणसं त्या दिवसांत पांगली, आणि ती माहिती कुठल्याही कागदावर नव्हती.

कारखानेही जागा बदलत गेले. बजाजच्या रिक्षा आता वाळूजला बनतात. २००७ मध्ये आकुर्डीतलं उत्पादन थांबलं. कंपनीचे प्रमुख राहुल बजाज कित्येक वर्षं त्याच आवारातल्या वसाहतीत राहिले होते, तरी काळाची गरज म्हणून ते घडलं. त्यांच्या निधनानंतर, २०२२ मध्ये, आकुर्डीतच विजेवरच्या चेतकचा नवा कारखाना सुरू झाला. रिक्षाही आता विजेवर आली आहे. आवाज नाही, धूर नाही, चालकाच्या पाठीला इंजिनाची थरथर नाही. मला तिचा आनंद आहे.

पण तिच्या खालीही मी जाऊन पाहिलं. बॅटरी जड आहे. मोटर पहिल्या फेऱ्यालाच पूर्ण जोर लावते, त्यामुळे गाडी सुटताना आर्मच्या सांध्याला झटका बसतो. पुढे चाक एकच, तोल मागच्या दोघांवर, आणि चाकणचा रस्ता तोच. कार्बोरेटर साफ करणारा, पिस्टन बदलणारा मिस्त्री उद्या बेकार होईल. बुश ओळखणारा होणार नाही. आज ठिकठिकाणी विजेच्या गाड्यांचं प्रशिक्षण सुरू होतंय. तिथं पोरांना बॅटरी, कंट्रोलर आणि वायरिंग शिकवतात, ते शिकवलंच पाहिजे. त्याच्या जोडीला एक कापलेला मागचा आर्म टेबलावर ठेवा, एक चांगला आणि एक चाकण रस्त्यावर फाटलेला बुश शेजारी ठेवा, आणि शिकवायला साठी उलटलेला एखादा रिक्षा-मिस्त्री बोलवा. त्याला मानधन द्या आणि त्याचं बोलणं लिहून घ्या. पिंपरी-चिंचवडनं जगाला गाड्या बनवून दिल्या याचा अभिमान मलाही आहे. त्या गाड्या तीस-तीस वर्षं रस्त्यावर उभ्या ठेवणारी विद्याही याच मातीतली आहे, आणि शहराच्या इतिहासात तिला कारखान्याच्या बरोबरीची जागा मिळाली पाहिजे.